एसटीएस-८ की एसटीएस-८७? तासाभराच्या पाठासाठी कोणती शटल मोहीम निवडावी

आठवी-नववीच्या मुलांना अंतराळ शटलची एकच मोहीम शिकवायला तास मिळाला असेल, तर भारताशी थेट नातं असलेल्या दोन मोहिमा डोळ्यांपुढे येतात. १९८३ची एसटीएस-८, जिने आपला इन्सॅट-१बी हा उपग्रह सोडला, आणि १९९७ची एसटीएस-८७, कल्पना चावला यांचं पहिलं उड्डाण. दोन्हींत उपग्रह होता, सूक्ष्म गुरुत्वातले, म्हणजे वजन जवळजवळ जाणवत नाही अशा अवस्थेतले, प्रयोगही होते. तरी मी शिकवायला एसटीएस-८७ घेईन.

उपग्रहाचा घराघराशी संबंध दाखवायचा असेल, तर मात्र एसटीएस-८ सरस. ३० ऑगस्ट १९८३ला चॅलेंजर हे शटल भर रात्री उडालं. शटलचं हे पहिलंच रात्रीचं उड्डाण, आणि ही वेळ ठरली होती इन्सॅटच्या गरजेनुसार. दुसऱ्या दिवशी उपग्रहाला गिरकी देऊन स्प्रिंगच्या जोरावर बाहेर ढकललं. शटल जेमतेम ३०० किलोमीटरवर, उपग्रहाची जागा सुमारे ३६,००० किलोमीटरवर. पुढची चढण त्याने रॉकेट मोटारींच्या बळावर चढली. त्याची सौर पट्टी उघडायला अडून बसली, पण सप्टेंबरात उघडली. आधीचा इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला होता, त्यामुळे सगळी भिस्त याच्यावर होती. त्याने ढगांची छायाचित्रं दिली, दूरदर्शन दूरवर पोचवलं. प्रयोगांच्या बाबतीत ही मोहीम उणी पडते. विजेच्या साहाय्याने जिवंत पेशी वेगळ्या करण्याचा प्रयोग झाला, सहा उंदीरही सोबत होते, पण ते वर्गात उलगडून दाखवणं अवघड.

एसटीएस-८७मध्ये उपग्रहच फसला, आणि धडा तिथेच आहे. कोलंबिया या शटलमधून २१ नोव्हेंबरला सोडलेला स्पार्टन हा उपग्रह सूर्याच्या प्रभामंडळाचा, म्हणजे त्याच्या बाहेरच्या तेजस्वी आवरणाचा, अभ्यास करणार होता, पण तो कामालाच लागला नाही. कल्पना चावला त्याला यांत्रिक हाताने परत धरायला गेल्यावर तो संथपणे फिरू लागला. (चौकशीत सॉफ्टवेअर आणि कार्यपद्धती यांतल्या उणिवा पुढे आल्या. वर्गात हे आवर्जून सांगा. कल्पना चावलांवर एकट्यांवर ठपका ठेवणं अन्यायाचं आहे.) तीन दिवसांनी विन्स्टन स्कॉट आणि ताकाओ दोई हे अंतराळवीर शटलबाहेर पडले आणि सुमारे १,३०० किलोचा स्पार्टन त्यांनी चक्क हातांनी धरला.

मुलं लगेच विचारतील: वजनच नाही, तर एवढं जपून का? कारण वजन जाणवत नसलं तरी वस्तुमान जात नाही. घाईने थांबवायला गेलं तर तोच माणसाला ढकलेल. शिवाय त्या उंचीवर गुरुत्व संपलेलं नसतं, पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या सुमारे नव्वद टक्के असतं. शटल आणि आतलं सगळं एकत्र पडत असतं, म्हणून तरंगतं.

इथून प्रयोगांकडे वळणं सोपं जातं. जमिनीवर द्रवाचा गरम, हलका भाग वर जातो, थंड भाग खाली बसतो, आणि गोठताना स्फटिकाच्या फांद्या कशा वाढतात ते या घुसळणीत नीट कळत नाही. कोलंबियात ही घुसळण जवळजवळ थांबली होती, त्यामुळे त्या फांद्यांची वाढ नीट मोजता आली. धातूचं ओतकाम समजायला हे ज्ञान कामाचं.

श्रोते पालक किंवा आजी-आजोबा असतील, तर निवड बदला आणि इन्सॅट सांगा. दूरदर्शनच्या त्या दिवसांच्या आठवणी त्यांच्याकडेच असतात. मुलांसाठी स्पार्टनच घ्या, आणि तो पुढच्याच वर्षी, १९९८ला, पुन्हा उडाला आणि त्याने सूर्याचं आपलं काम केलं, हे सांगायला विसरू नका.