काळ्या रानाला मारवेल, मुरमाला अंजन

मारवेल आणि अंजन ही दोन्ही आपल्याकडचीच चाऱ्याची गवतं, दोन्ही बहुवर्षायू. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळून जातं, पण ठोंब जिवंत राहतो आणि चांगला पाऊस झाला की त्यातून हिरवे कोंब निघतात. पाण्याची सोय असेल तर संकरित नेपियर (हत्तीगवत) वैरण जास्त देईल, हे खरं. प्रश्न कोरडवाहू बांधाचा आणि पडीक तुकड्याचा आहे.

आधी जमीन बघा. काळी, ओल धरून ठेवणारी असेल तर मारवेलच. थोडे दिवस पाणी साचलं तरी ते तगतं, जराशी खारवट जमीनही चालवून घेतं. अंजनाला मात्र पाणी तुंबलेलं सोसत नाही. त्याला हवी निचऱ्याची, हलकी, रेताड-मुरमाड जागा. तिथे वर्षाला 300-400 मिलिमीटर पावसावरही ते निभावतं, आणि शेळ्या-मेंढ्यांच्या चराईत मारवेलाइतकंच, माझ्या मते थोडं जास्तच, चिवट आहे.

रोपं घेताना फसू नका. मारवेलाच्या काडीच्या प्रत्येक पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं आणि तुऱ्याला पंजासारखी बोटं फुटतात. अंजनाचा तुरा एकटाच, केसाळ, खारीच्या शेपटीसारखा, बहुधा जांभळट झाक असलेला.

लागवडीत मारवेल सरळ आहे: जुने ठोंब फोडायचे, जुलैच्या भिजपावसात दीड-दीड फुटावर लावायचे. अंजनाचं बी नखरेल. काढल्याबरोबर पेरलं तर नीट उगवत नाही, काही महिने ठेवावं लागतं. पहिल्या वर्षी मी ताजं बी पेरलं, तेही बोटभर खोल. चार काड्या आल्या. पुढच्या वर्षी जुनं बी ओल्या मातीत चोळून वरवर फेकलं, तेव्हा कुठे रान हिरवं दिसलं. ते केसाळ बी मातीशिवाय हातातून सुटतच नाही.

कापणी दोन्हींची फुलोऱ्यात, चार-पाच बोटं बुडखा ठेवून. बी धरेपर्यंत थांबलात तर काडी कडक होते आणि जनावरं पानं खाऊन ती गव्हाणीत टाकतात.

माळावरची कुसळी, हेही एक गवतच, फुकट येते, पण तिची पिकलेली कुसळं मेंढीच्या लोकरीत आणि कातडीत रुततात. कोवळी असेल तोवरच कामाची.

एक मात्र करू नका: आधीच गवताळ असलेला माळ नांगरून यातलं काही लावू नका. तिथे पवन्या, डोंगरी, शेडा अशा गवतांची मिसळ असते आणि तितर, ससे, चंडोल त्या मिसळीवर जगतात. एकच गवत सगळीकडे माजलं तर काय होतं ते अमेरिकेत दिसतं: ॲरिझोनाच्या वाळवंटात हेच अंजन बाहेरून आणलेलं तण आहे, त्याच्या वणव्यात तिथले उंच निवडुंग जळतात, टेक्सासमध्ये मारवेलही तसंच पसरलंय. आपल्या माळाला एक-दोन पावसाळे चराईबंदी द्या, बहुतेक वेळा तेवढं पुरतं.