सायकल ट्रेलरवर शिफ्टिंग : अमेरिकेत ओरेगनमधल्या पोर्टलंडात फ्लॅटबेड ट्रेलर वापरल्याचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी चार. अर्धा पॉइंट हिचपायी, म्हणजे ट्रेलर सायकलला जोडणाऱ्या तुकड्यापायी, कापलाय आणि अर्धा पावसापायी, म्हणजे पावसात ट्रेलरचा काय दोष, पण सामान उघड्यावर जाणार म्हटल्यावर तो हिशोब धरावाच लागतो. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण जे सांगायचंय ते या टाइपच्या जवळपास सगळ्याच ट्रेलरला लागू आहे.

माझं शिफ्टिंग पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीजवळच्या अपार्टमेंटमधून नदीपलीकडे, शहराच्या साउथईस्ट भागात क्लिंटन स्ट्रीटच्या बाजूला. साडेतीन मैलांच्या आसपास. ट्रक भाड्याने घ्यायचा तर जाहिरातीतला आकडा गोड दिसतो, मग मैलाचे वेगळे, इन्शुरन्स वेगळा, परत देताना टाकी भरून द्या, आणि मुळात मला गाडीच चालवता येत नाही तर ट्रक कुठला चालवू. म्हणून नेहमीच्या सायकलच्या दुकानातून ट्रेलर भाड्याने आणला. आई फोनवर, अगं तिकडे टेम्पो मिळत नाही का, एवढी शिकून तू हातगाडी ओढणार का. ओढली.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी, अ‍ॅल्युमिनियमची चौकट, तिला जाड कापडाचा तळ, दोन बाजूंना १६ इंची चाकं, आणि पुढे एक दांडा जो सायकलच्या डाव्या बाजूने येऊन मागच्या चाकाच्या आसाला म्हणजे अ‍ॅक्सलला अडकतो. बाजूला भिंती नाहीत म्हणून फ्लॅटबेड. वजनाची लिमिट ४५ किलो, इकडच्या भाषेत १०० पाउंड. जोड सगळ्या बाजूंना फिरतो त्यामुळे सायकल वळणावर झुकली तरी ट्रेलर सपाटच राहतो, ही गोष्ट मला फार आवडली. एका चाकाचेही ट्रेलर असतात, टूरिंगवाले लोक वापरतात, अरुंद वाटेवर बरे, पण शिफ्टिंगला दोन चाकीच घ्या, सिग्नलला थांबलं की तो आपला आपण उभा राहतो, तुम्हाला तोलून धरावा लागत नाही.

आता मेन मुद्दा. सगळे विचारतात दम लागला का, पाय दुखले का. अहो पायाचं काही नाही, सगळ्यात हलका गिअर टाकायचा आणि हळूहळू जायचं, सपाट रस्त्यावर तर एकदा वेग घेतला की मागे काही आहे हेही विसरायला होतं. खरा प्रश्न थांबण्याचा आहे. ट्रेलरला ब्रेक नसतो. म्हणजे सायकल, तुम्ही आणि वरचे ४५ किलो असं सगळं सायकलच्याच दोन ब्रेकवर, आणि उतारावर ब्रेक दाबला की मागचं ओझं तुम्हाला पुढे ढकलत राहतं, त्यात वळणावर असाल तर मागचं चाक बाजूला सरकतं. त्यामुळे त्या ४५ किलोच्या आकड्याकडे बघून खूश होऊ नका, आधी आपले ब्रेक बघा. डिस्क ब्रेक असतील तर उत्तम. रिमवर घासणारे जुने ब्रेक असतील तर पॅड नवीन टाका आणि ओल्या रस्त्यावर लिमिटच्या बरंच खाली राहा. चढ चढता येत नसेल तर उतरून ढकलता येतं, उतारावर सुटलेली सायकल ढकलून थांबत नाही. माझ्या रस्त्यात मोठा उतार नव्हता म्हणून चार पॉइंट, माउंट टेबर टेकडीच्या अंगावर घर असतं तर तीनच दिले असते.

सामान कसं लावता त्यावर अर्धा खेळ आहे. जड वस्तू चाकांच्या रेषेच्या किंचित पुढे, खालच्या खाली. वजन मागे गेलं तर दांडा वर उचलायला लागतो आणि ट्रेलर शेपटासारखा डुलतो, आमच्या गावाकडे बैलगाडी उलाळ होते म्हणतात तेच. फार पुढे गेलं तर सगळा भार सायकलच्या मागच्या अ‍ॅक्सलवर. दांड्याचं टोक हाताने उचलून बघायचं, थोडंसं जड लागलं पाहिजे पण सहज उचललं गेलं पाहिजे. बांधायला हूकवाली रबरी दोरी अजिबात नको, खड्डा आला की ती ताणते आणि खोका उडी मारतो. बकलचे नायलॉनचे पट्टे घ्या आणि पहिल्या दोनचार चौकांनंतर थांबून परत एकदा ओढून घट्ट करा कारण खोके बसतात आणि पट्टे सैल होतात. पुस्तकं लहान खोक्यात, हे तर ट्रकलाही लागू आहे पण इथे जास्तच. कुकर, मिक्सर, स्टीलचे डबे, तांदळाची गोणी, हे सगळं झकास गेलं. मिसळणाचा डबा मात्र मी पाठीवरच्या सॅकमध्ये घेतला, हळदीचा भरवसा नाही.

रस्ता हा दुसरा अर्धा खेळ, आणि इथे पोर्टलंडचं खरंच कौतुक आहे. टिलिकम क्रॉसिंग हा नदीवरचा पूल २०१५ मध्ये सुरू झाला, त्यावर मॅक्स ही शहरातली ट्रेन, स्ट्रीटकार म्हणजे ट्राम, बस, सायकल आणि पायी माणसं एवढंच चालतं, खाजगी गाड्यांना बंदी. दोन्ही बाजूंना सायकल आणि पायी जाणाऱ्यांसाठी १४ फुटांची पट्टी आहे, ट्रेलर घेऊन हळू गेलं तरी मागचा माणूस आरामात पुढे निघून जातो, कुणी घंटी बडवत नाही. फक्त पुलावर वारा असतो. खोक्यांना काही होत नाही, पण गादी उभी बांधली तर तिचं शीड होतं, फोमची असेल तर गुंडाळून आडवी बांधा.

जपायचं कुठे तर रुळांवर. पुलाच्या पश्चिमेला स्ट्रीटकारचे रूळ रस्त्यातच आहेत. सायकलचं चाक रुळाच्या खाचेत जातं हे इथल्या प्रत्येकाला माहिती आहे, पण ट्रेलरची दोन चाकं वेगळ्या रेषेत चालतात, सायकल वाचली म्हणजे ट्रेलर वाचला असं नाही. रूळ शक्य तेवढे काटकोनात ओलांडा आणि वळण ओलांडून झाल्यावर घ्या. तसंच वळताना ट्रेलर आतून कापतो, फुटपाथच्या कडेला आतलं चाक चढतं, म्हणून वळण मोठं घ्यायचं.

पलीकडे उतरलं की क्लिंटनच्या तोंडाशी मालगाडीचं फाटक लागतं. ती आली की बसा, कधीकधी मध्येच उभी राहते. पायऱ्या आणि लिफ्टवाला पूल आहे पण लादलेल्या ट्रेलरला घेऊन कोण तिकडे जाईल, मी आपली शेंगदाणे खात उभी राहिले. पुढे क्लिंटन हा सायकलसाठी शांत ठेवलेला रस्ता आहे, गाड्यांना मध्येमध्ये अडवून बाजूला वळवलंय, त्यामुळे हळूहळू चढत गेलं तरी मागून कुणी हॉर्न मारत नाही.

हिचबद्दल तक्रार अशी की दुकानातून मिळालेला तुकडा माझ्या सायकलला बसलाच नाही. जुन्या, हाताने दांडी फिरवून सुटणाऱ्या क्विक रिलीज अ‍ॅक्सलला तो लगेच बसतो, पण बऱ्याच नवीन सायकलींना फ्रेममध्ये स्क्रूसारखा फिरवून बसवायचा थ्रू अ‍ॅक्सल असतो आणि त्याला वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो, त्यातही आटे बघून घ्यावे लागतात, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. शेवटी रूममेटची जुनी सायकल घेतली. भाड्याने घेताना सायकल सोबत घेऊन जा आणि तिथेच लावून बघा. सेफ्टीचा पट्टा फ्रेमभोवती अडकवायला विसरू नका, हिच निसटली तर तोच धरून ठेवतो. आणि सायकलचा मागचा लाल दिवा खोक्यांच्या आड जातो, तो काढून ट्रेलरला लावा.

विकत घ्यावा का? दर आठवड्याला बाजार, कुंडीची माती असलं काही ओढणार असाल तर घ्या, ओरेगनमध्ये सेल्स टॅक्स नाही, लेबलवरची किंमत तीच किंमत. बर्ली ही १९७८ पासूनची ट्रेलरवाली कंपनी इथल्याच युजीनची आहे, त्यामुळे सेकंडहँड मालही बाजारात दिसतो. फक्त शिफ्टिंगसाठी असेल तर भाडंच बरं. आणि सामान खूप असेल तर आयोवाच्या एम्समधली बाइक्स अ‍ॅट वर्क ३०० पाउंड वजन पेलणारे लांबलचक ट्रेलर बनवते, फ्रिज सोफा त्यावर जातात, किंवा इथल्या सायकलवाल्या लोकांची जुनी पद्धत आहे की शिफ्टिंग जाहीर करायचं, ओळखीचे अनोळखी सगळे आपापले ट्रेलर घेऊन येतात, सकाळी कॉफी आणि संध्याकाळी पिझ्झा तुमच्याकडून. माझा सोफा नव्हताच, आणि पलंग मी जुन्या घरातच पुढच्या भाडेकरूला विकला.