गाडीची दुसरी चावी: शोरूमची, कोडिंगची की क्लोनची?

एक चावी हरवली आहे, दुसरी हातात आहे, आणि तीन ठिकाणांहून तीन भाव आले आहेत. चौकातला चावीवाला पंधराशे सांगतो. मशीन घेऊन घरी येणारा चार-साडेचार हजार. शोरूमवाले आठ-नऊ हजार, वर 'ऑर्डर टाकावी लागेल, पंधरा दिवस धरा'. एवढी तफावत बघून यातला एक तरी लुटतोय असे वाटते. बहुतेक वेळा मात्र हे तिघे तीन वेगळी कामे सांगत असतात. त्यांतले कोणते करायचे ते एका वेगळ्याच प्रश्नावर ठरते: हरवलेली चावी नाल्यात पडली आहे, की कोणाच्या तरी हातात असू शकते?

आधी चावी उघडून बघू

चावीत तीन गोष्टी असतात आणि तिन्ही एकमेकींपासून स्वतंत्र असतात. धातूचे पाते दार उघडते आणि स्टिअरिंगचे कुलूप सोडवते. प्लास्टिकच्या मुठीत चिप असते. आणि बटणे असतील तर रिमोटचे सर्किट.

चिपला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचे एक कडे असते. चावी फिरवली की ते १२५ किलोहर्ट्झच्या आसपास लहरी सोडते आणि तेवढ्या ऊर्जेवर चिप जागी होते. इमोबिलायझर, म्हणजे अनोळखी चावीने गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा, तिला एक आकडा टाकतो, चिप आपल्या गुप्त संकेताने त्याचे उत्तर काढून परत देते. उत्तर जुळले तरच इंजिनाचा ईसीयू, म्हणजे त्याचा नियंत्रक संगणक, इंधन चालू ठेवतो. नाही जुळले, तर बऱ्याच गाड्यांत इंजिन एक-दोन सेकंद धरते आणि बंद पडते, डॅशबोर्डवरचा चावीचा दिवा लुकलुकत राहतो. मारुतीच्या गाड्यांत याच व्यवस्थेला आयकॅट्स म्हणतात. रिमोटचा सेल संपला तर फक्त दारे उघडायची अडचण होते. चावी फिरवून सुरू होणारी गाडी त्यामुळे अडत नाही.

आपल्या गाडीत चिप आहे की नाही याची खात्री नसेल, तर चावीची मूठ स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलमध्ये तीन-चार पदर गुंडाळा आणि गाडी सुरू करून बघा. चिप असेल तर ती कड्याला दिसणार नाही आणि गाडी चालू राहणार नाही. फॉइल असूनही निवांत चालली, तर साधी कटिंगची चावी पुरते, पुढचे काही वाचायची गरज नाही.

आणि मूठ फुटली आहे, बटणाचे रबर फाटले आहे एवढीच तक्रार असेल, तर नवी चावी करूच नका. रिकामी मूठ काहीशे रुपयांत मिळते. फक्त जुन्यातले सगळे नव्यात गेले पाहिजे. काही चाव्यांत चिप सर्किटवरच असते, काहींत ती तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी काचेची नळी किंवा काळी वडी म्हणून मुठीच्या कोपऱ्यात वेगळी खोचलेली असते. घाईत सर्किट तेवढे हलवले जाते, चिप जुन्या मुठीत राहते, मूठ कचऱ्यात जाते. मग बटणे चालतात, दारे उघडतात, गाडी मात्र सुरू होत नाही.

क्लोन की कोडिंग

खरी निवड इथे आहे. क्लोनमध्ये जुन्या चिपची हुबेहूब नक्कल नव्या चिपवर लिहिली जाते. गाडीला काहीच कळत नाही. तिच्या लेखी चाव्या दोन होत्या आणि दोनच आहेत, त्यांतली एक जुळी आहे एवढेच. कोडिंगमध्ये उलट. चिप कोरी, स्वतःचा क्रमांक असलेली, आणि डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे तपासणीची यंत्रे जोडायच्या खाचेत, मशीन लावून तो क्रमांक गाडीच्या स्मरणात नोंदवला जातो.

क्लोनचे काम असे चालते: हातात मावणाऱ्या यंत्रात जुनी चावी धरून चिपचा प्रकार वाचतात. आयडी ४६ किंवा ४८ सारखी सांकेतिक चिप असेल, तर नुसते वाचून भागत नाही. यंत्राचा अँटेना इग्निशनच्या कड्याजवळ धरून, चावी फिरवून गाडी काय विचारते ते टिपावे लागते. मग यंत्र इंटरनेटवरून हिशोब काढते आणि उत्तर नव्या चिपवर लिहिले जाते. जिथे फोनला रेंज नाही त्या तळघरातल्या पार्किंगमध्ये काम अडते ते यामुळेच. सगळे जुळून आले तर वीसेक मिनिटांत चावी हातात.

हे शक्य होते कारण जुन्या चिपांचे सांकेतिक कुलूप कच्चे निघाले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ४० बिटांच्या चिपचा संकेत २००५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी फोडून दाखवला. आयडी ४६ मधल्या हिटॅग-२ या संकेताची तीच गत २०१२ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या संशोधकांनी केली. आयडी ४८ मधला संकेत म्हणजे मेगामॉस क्रिप्टो. त्यावरचा शोधनिबंध इंग्लंडच्या न्यायालयाने २०१३ मध्ये अडवला होता, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या गाड्यांत एईएस या जास्त भक्कम संकेताच्या चिप येतात. त्यांचा सरळ क्लोन होत नाही, कोडिंगच करावे लागते. तेव्हा २०२०-२२ नंतरची गाडी बघूनही 'दहा मिनिटांत क्लोन करतो' म्हणणाऱ्याला आधी चिप वाचून प्रकार सांगायला लावा.

क्लोनचा फायदा म्हणजे गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला हात लागत नाही. बॅटरी कमजोर असली, सॉकेट खराब असले तरी काम होते, आणि पैसे कमी लागतात. साधी बिनरिमोटची चिप चावी हजार-दोन हजारांत बसते. तोटा एकच आहे, पण मोठा: हरवलेली चावी जिवंत राहते. ती ज्याच्या हातात असेल तो गाडी नेऊ शकतो. पुढे कधी एक चावी बाद करायची वेळ आलीच, तर मूळ आणि क्लोन दोन्ही एकदम बाद होतात, कारण गाडीला त्या एकच वाटतात.

कोडिंगमध्ये हरवलेल्या चावीची नोंद पुसता येते. चावी घरफोडीत गेली असेल, ड्रायव्हर काम सोडून गेला असेल, पिशवीत चावीबरोबर आरसीची प्रतही होती असे असेल, तर क्लोनचा विचार सोडा. एक मात्र लक्षात घ्या. नोंद पुसली तरी पाते तेच राहते. जुन्या चावीने दार उघडेल, आतले सामान जाऊ शकते. गाडी तेवढी सुरू होणार नाही. तेही नको असेल तर कुलपांचा संच बदलावा लागतो, आणि तो खर्च वेगळा.

कोडिंग बिघडते ते बहुतेक बॅटरीमुळे. इग्निशन ऑन ठेवून बराच वेळ काम चालते. टोयोटाच्या जुन्या पद्धतीच्या रीसेटला तर १६ मिनिटे थांबावे लागते. या काळात व्होल्टेज १२ च्या खाली गेले आणि लिहिणे अर्धवट तुटले, की नवी चावी राहिली बाजूला, जुनीही चालेनाशी होते. चांगला माणूस आधी बॅटरी मोजतो, १२.४ च्या खाली असेल तर चार्जर लावतो, एसी, दिवे, गाणी बंद करायला सांगतो. दुसरी चूक पिनची. बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत नोंदणीसाठी गाडीचा पिन, म्हणजे गुप्त आकडा, लागतो. ह्युंदाई-कियाच्या अनेक गाड्यांत तो तीनदा चुकला की इमोबिलायझर तासभर दारच बंद करतो. त्या तासात अंदाजाने आकडे मारणारा माणूस दिसला तर गाडी बाजूला घ्या.

याच गाड्यांची आणखी एक खोड आहे. नोंदणी सुरू केली की आधीच्या सगळ्या चाव्या पुसल्या जातात आणि समोर असतील तेवढ्याच पुन्हा नोंदवल्या जातात. म्हणून 'दुसरी चावी गावाला भावाकडे आहे' ही स्थिती असेल तर आधी ती मागवून घ्या. नाहीतर भाऊ सुट्टीत आल्यावर ती चावी नुसते दार उघडेल. फोर्डच्या बऱ्याच गाड्यांत उलटी सोय आहे. नोंदलेल्या दोन चाव्या हातात असतील तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या सेकंदांत एकामागून एक त्या फिरवून तिसरी तुम्हीच नोंदवू शकता, मशीनशिवाय. पण दोन हव्यात, एकीवर होत नाही.

कोडिंग कोणाकडून

शोरूमचा आधार म्हणजे चॅसिस क्रमांक. त्यावरून ते कारखान्याच्या नोंदीतला कटिंग कोड काढतात, म्हणजे पाते झिजलेल्या जुन्या चावीवरून न कापता मूळ मापाने येते. पिनही कंपनीकडूनच येतो. आरसी, ओळखपत्र, मालकाची सही मागतात, आणि मागायलाच हवी. वॉरंटीत असलेल्या गाडीला, आणि बटणाने सुरू होणाऱ्या गाडीच्या स्मार्ट चावीला आमचे मत शोरूमकडे झुकते. स्मार्ट चावी एकदा एका गाडीला बांधली की बहुतेक कंपन्यांत ती दुसऱ्या गाडीला लागत नाही, म्हणून जुन्या बाजारातली 'ओरिजिनल' बहुतेक फुकट जाते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा कुठल्याही भंगार बाजारातून वापरलेली चावी आणायचीच असेल, तर तिच्या मुठीसाठी आणा, चिपच्या आशेने नको. शोरूमचे दुखणे म्हणजे वेळ, आणि चावी घेऊन गाडी तिथे न्यावीच लागते.

स्वतंत्र कोडिंगवाला घरी येतो, शोरूमच्या साधारण निम्म्या खर्चात आणि त्याच दिवशी काम करतो. पाच-सात वर्षांपेक्षा जुन्या मारुती, ह्युंदाई, टाटा, होंडासाठी हा पर्याय सगळ्यात समंजस आहे. त्याच्याकडचे यंत्र कोणते, यापेक्षा तुमच्याच मॉडेलचे, त्याच वर्षाचे काम त्याने केले आहे का ते विचारा. रिमोटही विचारा, कारण चिपची नोंद आणि रिमोटची नोंद वेगळ्या असतात. 'चावी झाली' म्हणताना त्याच्या मनात फक्त चिप असू शकते. बाहेरच्या रिमोटची रेंज मूळ रिमोटपेक्षा कमी निघणे नेहमीचे आहे. आणि जो आरसी बघायलाही मागत नाही, तो उद्या तुमच्या गाडीची चावी दुसऱ्यालाही तशीच करून देईल.

सगळ्या चाव्या गेल्या असतील तर

क्लोनचा पर्याय संपला. नक्कल करायला मूळच नाही. दार उघडणे, कुलपावरून किंवा कोडवरून पाते कापणे, पिन मिळवणे आणि नोंदणी अशी चार कामे लागतात. काही गाड्यांत इमोबिलायझरचा बॉक्स काढून त्यातली छोटी मेमरी वाचावी लागते. शिवाय गाडी टो करून न्यायची झाली तर तो खर्च. एक चावी हातात असताना जे काम चार हजारांत होते, ते इथे सहज दुप्पट-तिप्पट होते. म्हणून 'एकीवर चाललंय ना' म्हणत ढकलायचे असेल, तर हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून ढकला.

या टप्प्यावर कोणीतरी स्वस्त तोड सुचवतो: एक चिप कड्याजवळ कायमची चिकटवून टाकू, मग साध्या दोनशे रुपयांच्या चावीने गाडी सुरू होईल. होते खरी. पण आता ती कोणाच्याही घासून बसवलेल्या चावीने सुरू होईल. ईसीयूमधून इमोबिलायझर बंद करून देणे हा त्याचाच मोठा भाऊ. गाडी चोरीला गेली आणि पाहणीत हे निघाले, तर विमा कंपनीशी भांडायला तुमच्याकडे काही उरत नाही.

विम्याचे इथेच सांगून टाकू. चोरीच्या दाव्यात कंपनी गाडीच्या सगळ्या चाव्या जमा करायला सांगते. एक हरवली असेल तर ती आधीच हरवली होती याचा कागद हवा. पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवलेल्या वस्तूची नोंद करा, पावती आणि नव्या चावीचे बिल विम्याच्या कागदांत ठेवा. पॉलिसीत 'की रिप्लेसमेंट' चे जादा कव्हर असेल तर शोरूमचा खर्च त्यातून निघू शकतो. मग भावांची सगळी तुलनाच फिरते, म्हणून कोणाला फोन करण्याआधी पॉलिसी उघडा.

पैसे देण्याआधी

कटिंग शक्यतो कमी वापरलेल्या चावीवरून करून घ्या. झिजक्या चावीची नक्कल झिजकीच होते आणि वर्षभरात कुलपात अडकायला लागते. चावी ताब्यात घेताना जुनी चावी गाडीपासून दूर, दोन-तीन मीटरवर कोणाच्या तरी हातात द्या. दोन्ही एकाच कडीत असतील तर जुनीची चिप उत्तर देते आणि नवी चालली असे वाटते. मग नव्या चावीने सुरू करून निदान अर्धा मिनिट चालू ठेवा, कारण नापास चिपही पहिले दोन सेकंद पास झाल्यासारखी वाटते. बंद करून पुन्हा दोनदा. चारही दारे, डिकी, स्टिअरिंगचे कुलूप, चावीने उघडणारे पेट्रोलचे झाकण. मग जुनी चावी परत आणून तीही चालते ना बघा. कोडिंग असेल तर नोंदलेल्या चाव्यांची संख्या यंत्राच्या पडद्यावर दाखवायला सांगा आणि फोटो काढा. दोन चाव्या असताना तीन दिसल्या, तर हरवलेली अजून जिवंत आहे.

जुनी गाडी एकाच चावीसह विकत घेतली असेल, तर हाच फोटो पहिल्या आठवड्यात हवा. आधीच्या मालकाने काढलेल्या चाव्या किती, हे गाडीलाच विचारता येते. आणि नव्या गाडीबरोबर चावीच्या कडीला क्रमांक कोरलेली छोटी पट्टी आली असेल, तर ती कडीतून काढून घरच्या कागदांत ठेवा. त्या क्रमांकावरून मूळ मापाचे पाते कापता येते, आणि चावीबरोबर तीही हरवली तर सापडणाऱ्यालाही कापता येते.