कापडी बूट नागपुरात: तिन्ही ऋतूंतल्या वापरानंतरचा अनुभव

हा अनुभव साध्या, नाडीच्या, रबरी तळाच्या कॅनव्हास बुटांचा आहे. पांढरा घोट्याखालचा जोड आणि काळा घोट्यावरचा जोड, दोन्ही रोजच्या वापरात. नागपूरसाठी निकाल आधीच सांगतो: हिवाळ्यात उत्तम, उन्हाळ्यात काही पथ्यं पाळून चांगले, पावसाळ्यात घालू नयेत.

या बुटाचा सगळा जीव कापड आणि रबर यांच्या जोडात आहे. कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक होतं. गंधक मिसळून तापवलं की ते स्थिर आणि लवचीक राहतं. चार्ल्स गुडइयरनं या क्रियेचं पेटंट १८४४ साली घेतलं आणि कापडी बुटाला टिकाऊ तळ मिळाला. पुढे अमेरिकेत १९१६ साली केड्स नावाचे कापडी बूट आणि १९१७ साली कॉन्व्हर्स कंपनीचा ऑल स्टार आला. ऑल स्टार मुळात बास्केटबॉलचा बूट. चक टेलर हा खेळाडू १९२१ मध्ये कंपनीत विक्रेता म्हणून लागला आणि पुढे त्याची सही घोट्यावरच्या गोल बिल्ल्यावर आली. आपल्याकडे बाटानं १९३६ साली शाळकरी मुलांच्या खेळाच्या तासासाठी टेनिस शू काढला. शनिवारच्या पीटीचे पांढरे बूट म्हणतात ते हेच. शंभर वर्षांत याच्या रचनेत फारसं काही बदललेलं नाही, कारण बदलायला मुळात भागच थोडे आहेत: वरचं कापड, आतलं अस्तर, सुकतळा, रबरी तळ आणि भोवतीची रबरी पट्टी.

खरेदी करताना या पट्टीकडेच बघा. चांगल्या जोडात तळ, पट्टी आणि कापड एकत्र भट्टीत भाजलेले असतात. स्वस्त जोडात तयार तळ नुसता डिंकानं चिकटवतात. बूट पंज्यापाशी वाकवून पाहा. पट्टीच्या वरच्या कडेला फट दिसली किंवा डिंकाचे पिवळट ओघळ दिसले तर तो जोड ठेवून द्या. बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, एकसारखे दिसणारे पाच जोड समोर येतात, तेव्हा किमतीपेक्षा ही परीक्षा जास्त कामाची. माप संध्याकाळी घ्यावं, पाय तेव्हा थोडा फुगलेला असतो. अंगठ्यापुढे साधारण १ सेंमी जागा हवी. कापड रुंदीत किंचित सैल होतं, लांबीत होत नाही. ऑल स्टार अर्ध्या मापानं मोठा येतो, हे लक्षात ठेवा.

ऑल स्टारच्या काही नव्या जोडांच्या तळाला बारीक लोकरीसारखा थर दिसतो. तो दोष नाही. तळाचा बराच भाग कापडाचा असेल तर अमेरिकेत आयात कर कमी लागतो, म्हणून तो लावतात. थोड्या चालण्यानं झिजतो, पण तोवर गुळगुळीत फरशीवर पाय जपून टाका.

नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, सुती कापडातून घाम बाहेर पडतो, सिंथेटिक बुटासारखा पाय शिजत नाही. पण तळ पातळ असल्यानं दुपारच्या डांबरावर चटका जाणवतो. ४ मिमीचा वेगळा सुकतळा घातला की बराच फरक पडतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत मात्र बूट ठेवू नका. फोमचा सुकतळा आकसून वर वळतो आणि चिकटवलेले तळ सुटू लागतात.

पावसाळ्यात कापड पाणी पिऊन बसतं, दोन दिवसांतही आतून सुकत नाही आणि वास धरतं. शहराबाहेरची काळी माती विणीत शिरली तर ओली असताना घासूच नका. पूर्ण वाळू द्या, कोरड्या ब्रशनं झटका, मग धुवा.

धुण्याबाबत सगळ्यात जास्त चुका होतात. नाड्या आणि सुकतळा काढा. १ लिटर कोमट पाण्यात अर्धा चमचा सौम्य पावडर घ्या आणि मऊ ब्रशनं घासा. भिजत १० मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, आतला पुठ्ठा आणि डिंक सैल होतो. तीन पाण्यांनी खळबळा. शेवटच्या पाण्यात लिटरला दोन चमचे पांढरं व्हिनेगर घाला. पांढरे बूट पिवळे पडतात ते राहिलेल्या साबणामुळे आणि वाळताना डिंकातलं द्रव्य पाण्यासोबत कापडाच्या वरच्या थरात येऊन साचतं म्हणून. त्यासाठी बाहेरून पांढरा टिश्यू कागद गुंडाळून पंख्याखाली सावलीत वाळवा. डाग कागदावर येतो. आत वर्तमानपत्र कोंबू नका, शाई लागते. ब्लीच टाळाच, कापड कमजोर होतं. पांढरं पॉलिशही वरचेवर नको, विणीची छिद्रं बुजतात.

सावलीचा नियम एकाच डागासाठी मोडायचा: तर्री, म्हणजे पोह्यांवर घालतात तो तिखट, तेलकट रस्सा. तर्री-पोह्यांचा थेंब पडला की आधी भांड्यांच्या साबणानं तेल काढा. साबण लागताच हळद लाल होईल, घाबरू नका. स्वच्छ धुऊन तेवढा भाग दोन-तीन तास कडक उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हात विरतो. उरला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

पहिलं नुकसान ठरलेल्या जागी होतं, करंगळीपाशी, जिथे पाय वाकताना रबरी पट्टीची कड कापडाला घासते. दोरे सुटताना दिसले की लगेच आतून ड्रिल कापडाचा ४ बाय ३ सेंमी तुकडा रबर सोल्युशननं लावा. भोक पडल्यावर ते काम नीट बसत नाही. पट्टी सुटली तर दोन्ही बाजू घासकागदानं खरखरीत करा, सोल्युशन लावा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत १०-१५ मिनिटं थांबा, मग दाबा आणि सायकलच्या ट्यूबनं रात्रभर बांधून ठेवा. फेविक्विक इथे उपयोगाचं नाही. ते कडक होतं आणि वाकल्यावर तडकतं. मोची आरीनं कडेनं शिवूनही देतात. ती शिलाई पक्की असते, फक्त पट्टीतून गेलेल्या छिद्रांतून पाणी आत येतं.

टाच दुखणाऱ्यांनी आणि रोज पळणाऱ्यांनी हे बूट घेऊ नयेत. तळ सपाट आहे, पावलाच्या कमानीला आधार नाही. अंबाझरी तलावाच्या काठानं चालायला ठीक, धावायला वेगळे घ्या. नाड्या बदलताना सात जोड छिद्रांच्या घोट्याखालच्या बुटाला साधारण ११५ सेंमी आणि आठ जोडांच्या उंच बुटाला साधारण १४० सेंमी लांबीची घ्या, चपटी आणि सुती. गोल नायलॉनची गाठ दिवसभर टिकत नाही.