फ्रेझल व्हर्ब्जची वही : क्रियापदावरून लावावी की ‘अप’-‘ऑफ’वरून?

इंग्रजी वर्तमानपत्र अडखळल्याशिवाय वाचता येते, पण समोरचा माणूस घरगुती इंग्रजी बोलू लागला की ‘पुट’, ‘गेट’, ‘टेक’ ही एवढीएवढीशी क्रियापदे वाट अडवतात, अशी ज्यांची अवस्था आहे त्यांनी फ्रेझल व्हर्ब्जची, म्हणजे क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’सारखा छोटा शब्द जोडून वेगळाच अर्थ देणाऱ्या जोड्यांची, स्वतःची वही करावी, याबद्दल फारसे दुमत नसावे. प्रश्न उरतो तो ती लावायची कशी, हा. एका रीतीत पान क्रियापदाचे असते, म्हणजे ‘पुट’च्या पानावर पुट ऑन, पुट ऑफ, पुट आउट आणि पुट अप विथ. दुसऱ्या रीतीत पान मागून येणाऱ्या शब्दाचे असते, म्हणजे ‘ऑफ’च्या पानावर टेक ऑफ, सेट ऑफ, सी ऑफ आणि कट ऑफ. मी दोन्ही वह्या केल्या आहेत. पहिली वर्षभर चालवली, दुसरी अजून चालू आहे.

पहिली रीत आपल्याला आपलीशी वाटते, त्याला शाळेतले व्याकरण कारण असावे. आहार, विहार, प्रहार, संहार ही मालिका आपण पाठ केलेली असते, आणि उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीने भलतीकडे नेतो, हे संस्कृतच्या तासाला ऐकलेले असते. शब्दकोशही क्रियापदावरूनच लावलेले असल्याने शोधाशोध कमी होते. एवढे सगळे तिच्या बाजूने असूनही माझे तिच्याशी बिनसले ते एका फोनमुळे.

‘हँग ऑन’ म्हणजे जरा थांबा आणि ‘हँग अप’ म्हणजे फोन ठेवणे, ही जोडी मी एकाच संध्याकाळी, एकाखाली एक अशी लिहून पाठ केली होती. पुढच्याच आठवड्यात कामानिमित्त एका ब्रिटिश बाईंशी फोनवर बोलताना त्या ‘हँग ऑन’ म्हणाल्या, आणि मी अदबीने ‘थँक यू’ म्हणून फोन ठेवून दिला. त्यांनी पुन्हा फोन केला आणि लाइन कट झाली असावी असे समजून स्वतःच दिलगिरी व्यक्त केली, त्यामुळे मला अधिकच ओशाळल्यासारखे झाले. पुढे एका पत्रात बैठक पुढे ढकलली असे सांगताना ‘पुट ऑफ’ऐवजी ‘पुट आउट’ लिहिले, म्हणजे बैठक चक्क विझवली. तेव्हा लक्षात आले की अर्थ मला येत होते. शेजारीशेजारी पाठ केलेले शब्द ऐन वेळी एकमेकांच्या जागी येऊन बसत होते. इतरांची स्मरणशक्ती याहून बरी असू शकेल, पण मला हा त्रास शेवटपर्यंत सोडून गेला नाही.

दुसऱ्या वहीत ‘हँग ऑन’चे शेजारी वेगळे आहेत : गो ऑन, कॅरी ऑन, कीप ऑन, होल्ड ऑन. चालले आहे ते चालू राहू द्या, ही छटा या सगळ्यांत असल्याने फोन ठेवण्याचा विचारही मनात येत नाही. ‘अप’च्या पानावर तर आपली मराठीच मदतीला येते. ‘खाऊन टाक’ म्हणताना आपण काही टाकत नाही, फक्त क्रिया पुरती झाल्याचे सांगतो. ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’ यांतला ‘अप’ही तसाच, त्यात वर जाणारे काही नसते. ‘आउट’च्या पानावर रन आउट, सेल आउट, डाय आउट अशी संपण्याची गोष्ट आहे. (कॉलेजातून ‘पास आउट’ झालो, हे आपण ज्या सहजतेने सांगतो, त्याने इंग्लंडातला माणूस काळजीत पडू शकतो; तिकडे त्याचा रोजचा अर्थ बेशुद्ध पडणे असा आहे.)

या रीतीतही खोट आहेच. ‘गिव्ह अप’, ‘टर्न अप’, ‘लुक अप’ यांना पुरे होण्याच्या खुंटीवर टांगता येत नाही; ती वेगळ्या पानावर नुसती पाठच करावी लागतात. शिवाय ‘अप’ची गोडी लागली की तो नको तिथेही चिकटतो : ‘कोप विथ’चे ‘कोप अप विथ’ आपल्याकडे सर्रास होते, आणि या वहीने ती सवय कदाचित वाढतेच. अर्थात, परक्यांना सर्वांत जड जाणारा भाग हाच, असे सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवले आहे, तेव्हा एका वहीने सारे सुटेल अशी अपेक्षा रास्त नव्हे.

सर्वनाम कुठे बसते, हे मात्र दोन्ही वह्यांतल्या नुसत्या याद्या सांगत नाहीत. दिवा असेल तर ‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ दोन्ही चालते, पण ‘इट’ आला की ‘टर्न इट ऑफ’ एवढेच. उलट ‘लुक आफ्टर हिम’मध्ये ‘हिम’ मधे घुसवता येत नाही. म्हणून अर्थापुढे सर्वनामासह एक पूर्ण वाक्य लिहावे, वही कोणतीही असो.

परीक्षा महिन्यावर आली असेल तर पहिली रीत धरावी, कारण तिथे बहुधा एकाच क्रियापदाची चार रूपे देऊन योग्य ते निवडायला सांगतात. बोलण्यासाठी शिकणाऱ्याने दुसरी करून पाहायला हरकत नसावी. माझी पहिली वही अजून कपाटात आहे; त्यातले ‘हँग’चे पान तेवढे मी फाडून टाकले, आणि ‘टेअर अप’साठी वाक्य हवेच होते म्हणून ‘आय टोअर इट अप’ असे दुसऱ्या वहीत लिहून ठेवले.