जगजीत सिंग - लतादीदींचा 'सजदा': कुणी ऐकावा, कसा ऐकावा

'सजदा'बद्दल लिहिताना लोक "दोन दिग्गज एकत्र आले" एवढंच लिहून मोकळे होतात, मला ते अजिबात पटत नाही. हा गझलांचा अल्बम 1991 चा, आणि जुलै 1990 मधे जगजीत-चित्रा यांचा तरुण मुलगा मुंबईत कार अपघातात गेला होता. आजारपण नाही, पूर्वकल्पना नाही, काहीच नाही. हे माहीत असताना ऐकलं की यातल्या कितीतरी जागा वेगळ्याच लागतात.

सत्तरच्या दशकापासून या नवरा-बायकोचे आवाज आपण जोडीनेच ऐकत आलो. 1988 ला दूरदर्शनवर शायर गालिबवरची 'मिर्झा गालिब' ही मालिका लागली तेव्हाही दोघंच गात होते, आणि गालिबची तर सातही मुलं लहानपणीच गेलेली, तेव्हा कुणाला वाटलं असेल की दोनच वर्षांत असलं काही या दोघांच्याच वाट्याला येईल. मुलगा गेला आणि चित्राजींनी गाणं थांबवलं ते थांबवलंच. जगजीतजी मात्र परत माइकसमोर उभे राहिले. त्यामुळे 'सजदा'मधे त्यांच्या शेजारच्या जागेवर लतादीदी आहेत, साठी ओलांडलेल्या, आणि मला तरी प्रत्येक ड्युएटमधे तिथे कोण नाहीये हेच आधी जाणवतं.

आता गाण्यांबद्दल. 'गम का खजाना तेरा भी है मेरा भी' हे ड्युएट नक्की ऐका, तेही हेडफोन लावून. जगजीतजी कुठेही आवाज चढवत नाहीत, कढ आणून गात नाहीत, सरळ बोलल्यासारखे शब्द ठेवत जातात आणि पुढची ओळ दीदी उचलतात. असलं दुःख रडून दाखवणं सोपं असतं हो, इथे तसं काहीच केलेलं नाही म्हणूनच ते आत जातं. 'दर्द से मेरा दामन भर दे' दीदी एकट्या गायल्यात, शब्द कतील शिफाईंचे, चाल जगजीतजींची. देवाकडे सुख नाही तर वेदनाच मागायची अशी ही गझल, आणि तिला चाल लावणारा माणूस एक बाप आहे हे डोक्यातून जातच नाही. निदा फाजलींनी लिहिलेली 'हर तरफ हर जगह' सगळ्यांनाच माहितीये, तिच्यावर जास्त लिहीत नाही.

खटकलेलं पण सांगते. वाद्यमेळ काही ठिकाणी जरा जास्तच गुळगुळीत झालाय, त्या काळातला कीबोर्ड आज कानाला जुना वाटतो. आणि सगळ्या गझला एका बैठकीत ऐकल्या तर लय सारखीच वाटायला लागते, दुसऱ्या भागात माझं लक्ष उडतं.

आमच्या ओळखीत एक तबलजी आहेत, त्यांचा मुलगा असाच अचानक गेला. तबल्यावर गवसणी चढली ती कित्येक महिने निघाली नाही आणि येणारा प्रत्येक जण त्यांना "रियाज सुरू करा, मन रमेल" सांगून जायचा. काकू मात्र तेराव्यानंतर लगेच शिकवण्या घ्यायला लागल्या, तर त्यांना मागे नावं ठेवली, हिला काही वाटतच नाही म्हणून!! दोन्हीकडून बोलणी. जगजीतजी गायले म्हणजे ते सावरले आणि चित्राजी गप्प राहिल्या म्हणजे त्या खचल्या, असं सरसकट लिहिणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. 2009 मधे चित्राजींची मुलगी पण गेली, 2011 ला जगजीतजी. त्या बाईंनी का गायलं नाही हे विचारायचा हक्क कुणालाही नाही.

घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर हा अल्बम कृपा करून त्यांना लगेच पाठवू नका, त्यांना हवा असेल तेव्हा ते लावतील. बाकीच्यांनी जरूर ऐका, पण गाडीत बॅकग्राउंडला नको. ऑनलाइन ऐकताना मला गाण्यांचा क्रम उलटासुलटा मिळाला, दोन भागही वेगवेगळे टाकलेले, तेव्हा जुनी सीडी कुठे मिळाली तर तीच घ्या. आणि सुरुवात 'गम का खजाना'पासूनच करा.