गच्चीवरचे एसी धुऊन घेतले: नंदनवनातल्या दोन भावांच्या सर्व्हिसचा अनुभव

नागपुरात नंदनवन भागात माझी अभ्यासिका आहे. दुसऱ्या मजल्यावर ६० खुर्च्या आणि डोक्यावर थेट गच्ची. गडचिरोली, गोंदिया, वर्ध्याकडची मुलं-मुली एमपीएससीचा, पोलीस भरतीचा अभ्यास करायला येतात. त्यातली बरीच जण टिनाच्या खोलीत राहतात, एप्रिलच्या दुपारी तिथे पुस्तक उघडून बसवतच नाही. म्हणून दोन-दोन टनाचे चार एसी नीट चालू ठेवणं ही मी माझी जबाबदारी समजते. यंदा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मागच्या रांगेतली मुलं वहीने वारा घ्यायला लागली, तेव्हा मी आमच्याच भागातल्या दोन भावांना बोलावलं. त्यांच्या कामाबद्दल सविस्तर लिहितेय, कारण मागच्या वर्षी मी दुसरीकडून हेच काम करून घेतलं आणि फसले.

मागच्या वर्षी आलेल्या माणसाने गाड्या धुवायचं प्रेशर मशीन गच्चीवर आणलं. बाहेरून जोरात फवारा मारला, उग्र वासाचं काहीतरी शिंपडलं आणि पंधरा-वीस मिनिटांत चारही आउटडोअर, म्हणजे एसीचे बाहेरचे डबे, धुऊन मोकळा झाला. मग म्हणाला, चारहीमध्ये गॅस कमी आहे. प्रत्येकी २,२०० रुपये घेऊन त्याने गॅस ‘टॉप-अप’ केला. महिनाभरात पुन्हा तेच रडगाणं सुरू. चार वेगवेगळ्या मशीनचा गॅस एकाच दिवशी कमी कसा निघाला, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

या भावांना मी सकाळी ७ ला बोलावलं होतं, आले सव्वाआठला. उशीर होतोय असा फोनही केला नाही. हा त्यांचा पहिला उणा गुण. पण आल्यावर मोठ्या भावाने जे केलं ते मी पहिल्यांदाच पाहिलं. पाण्याला हात लावायच्या आधी त्याने चारही एसी चालवून पाहिले, आत ग्रिलपाशी तापमान मोजलं आणि बाहेर वायरला क्लॅम्प मीटर लावून करंट किती येतो ते वहीत लिहून घेतलं. तिसरं मशीन, जुनं आणि इन्व्हर्टर नसलेलं, ११.९ अँपिअर घेत होतं. आत हवा १८ अंशांची मिळत होती.

मग खाली येऊन त्याने एसीचे एमसीबी, म्हणजे वीज तोडणारे खटके, पाडले, त्यांवर चिकटपट्टी लावली आणि माझ्याकडून कागद मागून लिहिलं, ‘वर माणूस काम करत आहे, चालू करू नका’. आमच्याकडे हे फार गरजेचं आहे. एसी बंद दिसला की कोणीतरी मूल उठून बटणं खालीवर करणारच. वर गेल्यावरही टेस्टर लावून खात्री केली, शिवाय दहा मिनिटं थांबला. वीज बंद केली तरी कपॅसिटरमध्ये ती साठून राहते आणि तिचा झटका जिवावर बेतू शकतो. जुन्या मशीनचा कपॅसिटर त्याने होल्डरमधल्या साध्या बल्बच्या वायरी लावून रिकामा केला. नंतर इन्व्हर्टर मशीनचं सर्किट आणि पंख्याची मोटर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घट्ट बांधली.

खरी गंमत पुढे कळली. आमच्या मागच्या गल्लीत काटेसावरीचं मोठं झाड आहे. एप्रिलमध्ये बोंडं फुटली की तिचा कापूस गच्चीभर उडतो. आउटडोअरचा पंखा मागच्या बाजूने हवा ओढतो, त्यामुळे तो कापूस आणि धूळ कॉइलवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर, थर धरून बसते. मागून पाहिलं तर राखाडी गोधडी पांघरल्यासारखं दिसत होतं. धाकट्याने आधी मऊ ब्रश घेऊन हे सगळं कोरडंच काढलं, ब्रश फक्त वरून खाली, फिन्सच्या (कॉइलवरच्या पातळ पत्र्यांच्या) दिशेने. आधीच पाणी मारलं असतं तर कापूस ओला होऊन फिन्समध्ये नमद्यासारखा बसला असता. तीन मशीनमधून (चौथ्याचं पुढे सांगते) निघालेल्या कचऱ्याने तांदळाची अर्धी गोणी भरली.

मग वरचं झाकण आणि समोरची पंख्याची जाळी काढून मोठ्या भावाने साध्या पाइपने आतून बाहेर पाणी सोडलं. मी विचारलं, बाहेरून का नाही? तो म्हणाला, “ताई, हवा बाहेरून आत येते, कचरा त्याच रस्त्यानं आलेला असते. बाहेरून पाणी मारलं तं तो आणखी आत जाऊन बसते. आला तसाच त्याले परत पाठवा लागते.” एवढी साधी गोष्ट, पण मागच्या वर्षीच्या माणसाने बरोबर उलट केलं होतं. त्याच्या प्रेशरने दोन मशीनच्या फिन्स हातभर पट्ट्यात चपट्या झाल्या होत्या. त्या कागदासारख्या पातळ ॲल्युमिनियमच्या असतात, वाकल्या की मधून हवा जात नाही. धाकटा भाऊ बारीक दातांचा कंगवा घेऊन त्या सरळ करत बसला. दोन मशीनला दीड तास लागला. सगळ्या सरळ झाल्या नाहीत, काही मुळातून मोडल्याच होत्या, आणि ते त्याने मला दाखवून सांगितलं.

फेसाचं औषध वापरलं तेही ॲसिडचं नव्हतं. बाटलीवर लिहिलंय त्या प्रमाणात पाण्यात मिसळलं, दहा मिनिटं ठेवलं आणि निथळणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुतलं. ॲसिडने कॉइल त्या दिवशी चकाकते, पण ॲल्युमिनियम खाल्लं जातं, हे त्याने मागच्या वर्षीचे पांढरट भुकटीचे डाग दाखवून समजावलं. धुवायला बोअरचं पाणीही नको म्हणाला, क्षार बसतात. आम्ही नळाच्या पाण्याची टाकी जोडून दिली. उन्हं चढायच्या आत धुणं आटपायचं असतं, नाहीतर फेस तापलेल्या कॉइलवरच वाळतो. म्हणूनच मी ७ ला बोलावलं होतं, आणि म्हणूनच त्यांचा सव्वा तासाचा उशीर मला खटकला. शेवटच्या मशीनवर धाकट्याला गोणपाट धरून सावली करावी लागली.

तिसऱ्या मशीनमागे पारव्याचं रिकामं घरटं आणि वाळलेली विष्ठा होती. दोघांनी तोंडाला मास्क लावले, मलाही लांब जायला सांगितलं, आधी पाणी शिंपडून ती भिजवली आणि मगच खरवडली. ती भुकटी फुप्फुसात जाणं फार वाईट.

एका बाबतीत मात्र मलाच लक्ष घालावं लागलं. आमच्या गच्चीचं पाणी बोअरच्या पुनर्भरणाच्या खड्ड्यात जातं. फेसाचं पाणी तिकडे निघालं होतं, मी ओरडल्यावर त्यांनी पाइप काढून ते गटाराकडे वळवलं. जाताना गच्चीचं पाणी जायच्या जाळीत अडकलेला कापूसही तसाच ठेवून गेले, तो मी संध्याकाळी काढला. छापील बिल मिळालं नाही, वहीच्या पानावर सही करून दिली. अभ्यासिकेच्या हिशोबाला मला बिल लागतं, पुढच्या वेळी आधीच सांगणार आहे.

गॅसबद्दल मी स्वतःहून विचारलं. मोठा भाऊ म्हणाला, “गॅस काय पेट्रोल आहे का, जळून संपाले? पायपात तोच तो फिरून राहते. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळते. आधी गळती सांधा लागते, मंग गॅस.” त्याने प्रत्येक जोडावर कागद फिरवून तेलाचा डाग येतो का पाहिलं, साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहिले. कुठेच काही नव्हतं. गॅसचा एक रुपया घेतला नाही.

पावणेबारा वाजता एसी पुन्हा चालू केले. बाहेर ऊन सकाळपेक्षा कितीतरी वाढलेलं, तरी तिसरं मशीन १०.२ अँपिअरवर आलं आणि आत १४ अंशांची हवा यायला लागली. कॉइल मोकळी झाली की उष्णता बाहेर पडते आणि कॉम्प्रेसरला कमी जोर लावावा लागतो. उन्हापासून बचाव म्हणून मी आउटडोअरना हिरवी जाळी गुंडाळली होती, तीही त्याने सोडवली. हवाच अडत होती. आता तीच जाळी बांबूवर तीन फूट उंच ताणली आहे.

चौथं आउटडोअर कठड्याच्या बाहेर लोखंडी अँगलवर लटकलेलं आहे. मागच्या वर्षीचा माणूस कठड्यावर पोट टेकून, अर्धा बाहेर वाकून ते धुवत होता आणि मी डोळे मिटून घेतले होते. याने नुसतं वाकून पाहिलं आणि नाही म्हणाला. कमरेचा पट्टा आणि धरायला आणखी एक माणूस असल्याशिवाय हात लावणार नाही, म्हणाला. त्या मशीनचे पैसेही घेतले नाहीत. धुण्याचे प्रत्येकी ७०० प्रमाणे तीन मशीनचे २,१०० आणि फिन्स सरळ करण्याचे दोन मशीनचे ६००, असे एकूण २,७०० रुपये झाले. खोलीतल्या युनिटची सफाई यात नाही, ती वेगळी सांगावी लागते.

पुढच्या रविवारी ते पट्टा घेऊन येणार आहेत. चौथं मशीन नुसतं धुवायचं नाही, कठड्याच्या आत स्टँडवर घ्यायचं असं मी ठरवलंय. पाइप वाढवावा लागेल, खर्च किती ते तो मोजून सांगणार आहे. तोपर्यंत त्या कोपऱ्यातल्या आठ खुर्च्यांवरच्या मुलांना मी पुढच्या रांगेत बसवलं आहे.